मेलेल्या नवाबाची नाडी

नवाब मरून तीन दिवस झाले होते, तरी हकीम रफीउल्ला रोज सकाळी त्यांची नाडी पाहायला जात होता.

खोलीत लोबान इतका जळायचा की डोळे चुरचुरत. तरी वास लपेना. धाकट्या बेगमेने त्याला बजावलं होतं, "बाहेर सांगायचं, हुजुरांना उतार पडतोय. माझा नियामत दिल्लीहून वारसाची सनद घेऊन येईपर्यंत ते जिवंत आहेत. समजलं?" बादशहाच्या सनदेला रोहिलखंडात आता कुत्रंही विचारत नव्हतं, पण कागद तो कागद.

चौथ्या दिवशी तिचा सावत्र मुलगा, थोरला सरबुलंद खान, दिवाणखान्यात येऊन बसला. बेगम हकीमाला म्हणाली, "जा. अब्बांनी बोलावलंय, तलवार बाहेर ठेवून ये म्हणावं." पडद्याआड चार हबशी उभे होते. हकीमाने पाहताच त्यांनी नजर चुकवली.

बाहेर सरबुलंद खरबूज खात होता. "काय हकीमसाहेब, म्हातारा काय म्हणतोय? की हल्ली त्याचं बोलणंही तुम्हीच बोलता?"

या पोराला रफीउल्लाने दोनदा मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. तो पुटपुटला, "आत जाऊ नका. अब्बाजान गुरुवारीच गेले. आत मारेकरी आहेत."

सरबुलंदने फोड खाली ठेवली, हात पुसले. "तुमचे उपकार विसरणार नाही."

दुपारपर्यंत गढी त्याच्या पठाणांच्या हाती आली. बेगमेला कोंडलं. नवाब हयात असल्याचा नगारा मात्र नेहमीसारखा वाजत राहिला, म्हणून सोळा वर्षांचा नियामत सनद मिरवत बेधडक आत शिरला आणि घोड्यावरून उतरताच धरला गेला.

सरबुलंदने हकीमाला बोलावलं. शेगडीत सळई तापत होती.

"भावाला मारणं पाप," तो शांतपणे म्हणाला. "पण आंधळा गादीवर बसत नाही. शिपाई धसमुसळे, पोर मरायचं त्यांच्या हातून. तुमचा हात हलका."

"हुजूर, मी तुमचा जीव वाचवला..."

"म्हणून तर तुमच्यावर विश्वास."

हकीमाला पाहताच नियामतच्या जिवात जीव आला. "चाचा! बरं झालं आलात. सांगा ना यांना काहीतरी."

रफीउल्लाने त्याला अफू पाजली, डोकं मांडीवर घेतलं. पोर गाढ झोपल्यावर त्याने सळई उचलली.

नियामत जगला. हकीमाने वैदकी सोडली. रोज सकाळी तो कोठडीत जाऊन त्याला भरवत असे. पोर चाचपडत त्याचा हात धरी आणि विचारी, "चाचा, कोण होता हो तो? तुम्ही तर तिथेच होतात."

हकीम पुढचा घास त्याच्या ओठांशी नेई.