ठक की टिक

मी मोटारसायकल बोलतेय. आवाज घोगरा वाटला तर वाईट वाटून घेऊ नका. एकोणीस वर्षं मी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. इतक्या वर्षांनी बोलायला लागलं की कोणाचाही घसा साफ व्हायला वेळ लागतोच.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. एक माणूस मात्र आठवतो. तो माझ्या टाकीवर सोनेरी रेघ ओढत होता. रेघ पूर्ण होईपर्यंत त्याने श्वास रोखून धरला होता, आणि मग असा सोडला की जणू त्यालाच कोणी नव्याने जन्माला घातलं होतं.

मला घेतलं ते जनावरांच्या डॉक्टरांनी. उंच, सडपातळ माणूस, बोलणं मोजकं. कुठे गाय अडली, कुठे घोड्याच्या खुरात खिळा घुसला की पाठीमागे औषधांची पेटी बांधून आम्ही निघायचो. मला किक मारण्याआधी ते टाकीवर दोन थापट्या मारत आणि म्हणत, "हो, हो, झालंच." हेच ते गाईलाही म्हणत. सुरुवातीला मला जरा राग यायचा. पुढे सवय झाली, आणि नंतर तर त्या थापट्यांशिवाय मी सुरूच व्हायची नाही.

सुट्टीच्या दिवशी त्यांची मुलगी टाकीवर पुढे बसायची. तिला घरात सगळे बेबी म्हणत. दोन्ही मुठींनी हँडल धरून ती तोंडाने माझा आवाज काढायची, आणि बऱ्यापैकी काढायची. "बाबा, मला शिकवा ना." "पाय जमिनीला टेकले की शिकवतो." पाय टेकायला लागले तेव्हा तिच्यामागे शाळा होती, मग लग्न, संसार. ते शिकवणं राहून गेलं.

माझी दुखणीखुपणी बघायचे मिस्त्री. बाजाराच्या टोकाला त्यांचं गॅरेज होतं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक माझ्या इंजिनला लावायचं, मूठ स्वतःच्या कानाला, आणि डोळे मिटायचे. तेवढ्यावर ते आजार सांगत. "डॉक्टर, तुम्ही म्हशीच्या पोटाला नळी लावता, मी हिच्या लावतो. आपला धंदा एकच," असं ते म्हणायचे. डॉक्टर हसायचे. त्यांना मोठ्याने हसवणारी माणसं कमी होती.

बावीस वर्षं मी पळाले. मग डॉक्टरांना कचेरीतून जीप मिळाली. "हिला जरा बघून घेतो एकदा," असं म्हणून त्यांनी मला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावलं. माणसांचं हे 'एकदा' मी एकोणीस वर्षं ऐकलं. आधी माझ्यावर चादर होती, मग गोणपाट आलं, मग गोणपाटावर मोडक्या खुर्च्या. सीटवर एक कोंबडी अंडी उबवायला बसू लागली. मला तिचा राग नव्हता. निदान कोणीतरी बसत होतं.

गेल्या वर्षी डॉक्टर गेले. महिन्याभरात मुलाने शेड मोकळी करायला घेतली. त्याला तिथे मोटार ठेवायची होती. भंगारवाला दारात आला, त्याने मला बाहेर ओढलं, आणि नेमकी त्याच वेळी बेबी आली. ती आता सत्तेचाळीस वर्षांची झाली होती. केस अर्धे पिकलेले, गळ्यात मोजपट्टी. ती बायकांचे कपडे शिवते, आणि मोजपट्टी काढायला विसरते.

"दादा, ही मी नेते," ती म्हणाली.

"नेऊन करणार काय?"

"चालवणार."

"बेबी, तुला सायकल तरी येते का?"

"सायकल येते. तेवढी तयारी आहे."

दादा हसला. भंगारवाला हसला नाही, त्याची खेप फुकट गेली होती. माझी दोन्ही चाकं जाम होती, म्हणून बेबीने मला हातगाडीवर चढवून मिस्त्रींकडे नेलं.

गॅरेजला कुलूप होतं. बाहेर जुन्या सिलिंडरांमध्ये पुदिना लावलेला. मागच्या घरातून मिस्त्रींची बायको बाहेर आली आणि हात हलवत म्हणाली, "काम बंद आहे गं. त्यांना ऐकू येत नाही आता."

"अजिबात नाही?"

"कानात घालायचं यंत्र आणलंय, पण इंजिनाजवळ गेलं की त्यात नुसता गोंगाट. आधी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मग खरंच ऐकू येईनासं झालं. मला तर फरक कळायलाच दोन वर्षं गेली." मग तिने आवाज खाली आणला, खरं तर त्याची गरज नव्हती. "तीन वर्षांपूर्वी शाळेतल्या मास्तरांची गाडी यांनी ठीक आहे म्हणून दिली. आतलं बेअरिंग वाजत होतं, यांना ऐकू आलं नाही. उतारावर चाक जाम झालं. मास्तरांचा पाय मोडला. मास्तर एक शब्द बोलले नाहीत. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून कुलूप."

तेवढ्यात मिस्त्री स्वतः बाहेर आले. पाठ वाकली होती, पण हात तेच, जाड बोटांचे. त्यांनी मान हलवून 'नाही' म्हटलं. बेबीने पिशवीतून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि गॅरेजच्या काळ्या पत्र्याच्या दारावर लिहिलं: मला ऐकू येतं. तुम्ही सांगाल ते मी ऐकीन.

मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं. "अगं, ऐकू येणं वेगळं आणि गाडी ऐकणं वेगळं."

बेबीने खाली लिहिलं: शिकवा.

मिस्त्री माझ्याजवळ आले. माझ्या स्टँडच्या कडेवरून बोट फिरवलं. "हे वेल्डिंग माझं आहे," ते म्हणाले. थोडा वेळ तिथेच उकिडवे बसून राहिले. मग बायकोकडे न बघताच हात पुढे केला. "किल्ली."

माझा पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटला होता. प्लग काढून त्या भोकातून त्यांनी रॉकेल आणि ऑइल ओतलं आणि मला तसंच ठेवलं. बेबी रोज दुपारी यायची. मला गिअरमध्ये टाकून मागचं चाक पुढे-मागे हलवून बघायची. "जोर नाही लावायचा," मिस्त्री बजावायचे. "रुसलेल्या माणसाला दंडाला धरून ओढतो का आपण?" नवव्या दिवशी मी केसभर हलले. बेबीला वाटलं भास झाला. मिस्त्रींचा तळवा माझ्यावर होता, त्यांना माझ्याआधी कळलं.

पुढे कामाला गती आली. टाकीतला गंज काढायला त्यांनी आत मूठभर खडे घालून ती घुसळली. कार्ब्युरेटरमधलं जुनं पेट्रोल गोंदासारखं घट्ट झालं होतं, ते बेबीने बारीक तारेने कोरून काढलं. शिवणकामाची नजर होती, सुईच्या नेढ्याएवढं भोक तिला लांबून दिसायचं. नवे टायर आले, नवी केबल आली. माझ्या हेडलाइटमध्ये उंदराने बांधलेलं घरटं मिस्त्रींनी अलगद काढून कुंपणापाशी ठेवलं. रिकामंच होतं, तरी.

मग किक मारायचा दिवस उजाडला. बेबीने सात किका मारल्या. सहाव्या किकेला मी तिचा पाय उलटा फेकला, त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. आठवी बसली आणि मी बोलले. खोकत, धूर ओकत, पण बोलले. मिस्त्रींची बायको, बेबीच्या काकू, दारातून टाळ्या वाजवत होत्या. मिस्त्रींनी मात्र माझ्या इंजिनावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. काहीतरी वाजत होतं.

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक माझ्यावर टेकवलं आणि मूठ बेबीच्या कानाला लावली.

"काय ऐकू येतं?"

बेबीने दारावर लिहिलं: टकटक.

"टकटक हजार प्रकारची असते. ठक आहे, की टिक? जड की हलकी?"

बेबीने डोळे मिटले. मिस्त्री मिटायचे तसेच. मग लिहिलं: खट आणि टक यांच्या मधली.

"माझ्या मते कटकट आहे," काकू म्हणाल्या.

मिस्त्रींनी मला बंद केलं. कापडाने हात पुसले. "नीट ऐक. आवाज वरून येत असेल, हलका, टिक टिक, तर झडपा उघडणारं टॅपेट सैल आहे. अर्ध्या तासाचं काम. खालून येत असेल, ठक ठक, तर आतलं बेअरिंग गेलंय. मास्तरांच्या गाडीत तेच होतं. तसं असेल तर ही रस्त्यावर जाणार नाही. आणि मी अंदाजावर कोणाला पाठवत नाही. एकदा पाठवलं."

दुसऱ्या दिवशी गॅरेजला पुन्हा कुलूप होतं. तिसऱ्या दिवशीही. बेबी येऊन पायरीवर बसायची आणि जायची. मी आत अंधारात. खरं सांगते, शेडमधल्या एकोणीस वर्षांपेक्षा ते दोन दिवस मला मोठे वाटले. तिथे मला कशाची आशा नव्हती.

चौथ्या दिवशी बेबीने काकूंना विचारलं, "तुमचं शिवणाचं मशीन कुठे आहे?"

दोघींनी ते पायाचं जुनं मशीन घरातून ओढत अंगणात आणलं. मग बेबीने कुलूप उघडायला लावलं, मिस्त्रींना हाताला धरून आणलं आणि त्यांचा तळवा मशीनच्या लाकडी फळीवर ठेवला. आधी तिने खालच्या पायडलचा दांडा जिथे जोडलेला असतो तिथला स्क्रू सैल केला आणि मशीन चालवलं. ठक, ठक, ठक. फळी हादरत होती. बेबीने मिस्त्रींकडे बघून मान हलवली. हा नाही.

मग तिने तो स्क्रू घट्ट केला आणि वर सुईपाशी एक स्क्रू सैल केला. मिस्त्रींचा हात उचलून मशीनच्या डोक्यावर ठेवला. पाय मारले. आतून बारीक, कोरडं काहीतरी वाजू लागलं. टिक, टिक, टिक.

बेबीने माझ्याकडे बोट दाखवलं. मग मशीनकडे. आणि मान वरखाली हलवली.

मिस्त्रींनी हात तसाच ठेवला. "पुन्हा," ते म्हणाले. तिने पुन्हा चालवलं. "आता खालचा." खालचा पुन्हा. "वरचा." असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी ते म्हणाले, "नक्की? वडिलांची शपथ घेशील?"

"घेईन," बेबी म्हणाली, आणि ते त्यांनी ओठांवरून वाचलं.

"बेअरिंग नाही," मिस्त्री स्वतःशीच म्हणाले. मग बायकोला म्हणाले, "अगं, बेअरिंग नाही." आणि तिथेच, मशीनच्या त्या फळीवर डोकं टेकून बसले. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

टॅपेट बसवायला कान लागत नाहीत. माझ्या बाजूचं झाकण काढून आतली काठी चिमटीत धरायची. "बोटांनी फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये," मिस्त्रींनी बेबीला शिकवलं आणि तिच्याकडूनच करून घेतलं. मला किक बसली. बेबीने स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावली. बराच वेळ ऐकलं. मग खडू उचलला, आणि काय लिहावं ते न सुचून नुसतंच लिहिलं: छान आहे.

पुढचे पंधरा दिवस ती मोकळ्या मैदानात चालवायला शिकली. दोनदा पडली, एकदा मला घेऊन, एकदा मला सोडून. दादा एकदा बघायला आला. ती गोल फिरून त्याच्यासमोर थांबली तेव्हा तो म्हणाला, "बेबी, बाबा असेच बसायचे गं. खांदे जरा वर करून." आणि लगेच दुसरीकडे बघू लागला.

मग एका सकाळी मिस्त्री म्हणाले, "मी मागे बसतो. घाटाच्या उतारापर्यंत जाऊन येऊ." मास्तर पडले होते तोच उतार. काकूंनी त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं.

आम्ही निघालो. बेबी फार घाबरली होती, म्हणून तिने वाटभर बोलायला घेतलं. मान मागे न वळवता ती ओरडून सांगत होती: "काका, आता चढ लागलाय, आवाज जड झालाय, पण ठक नाही. आता सपाट. आता घरघर जरा कमी." ते बहिरे आहेत हे ती साफ विसरली होती.

उताराच्या माथ्यावर मिस्त्रींनी तिच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. तिने घाबरून ब्रेक दाबला. पाय टेकवून मागे वळली. "काय झालं? काय वाजतंय?"

मिस्त्रींनी दोन्ही तळव्यांनी सीटच्या कडा घट्ट धरल्या होत्या. डोळे मिटलेले. मी खाली संथ चालूच होते.

"तू मघापासून बोलतेयस," ते म्हणाले. "पाठीतून कळतंय मला, शब्द नाही कळत. जरा गप्प बस ना, बाळ. मला हिला ऐकू दे."

बेबी गप्प बसली. आणि आम्ही तो उतार उतरलो. मी जमेल तितकं स्पष्ट बोलत होते.

आता गॅरेज आठवड्यातून तीन दिवस उघडं असतं. लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात, बेबी ऐकते, दारावर लिहिते, मिस्त्री हात ठेवून खात्री करतात. दोघांचं एकमत होईपर्यंत गाडी बाहेर जात नाही, आणि ते सहजासहजी होत नाही. मी दाराशी उभी असते. माझं थोडं ऑइल गळतं, म्हणून खाली एक डबा ठेवलाय. वयाप्रमाणे एवढं चालायचंच.

तुमच्याही घरामागे, जिन्याखाली, गोणपाटाखाली माझ्यासारखी एखादी असेल. तिला लगेच दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. पण एकदा गोणपाट बाजूला करा आणि तिच्यावर हात ठेवा. तेवढं केलंत तरी पुष्कळ आहे.

बरंय, थांबते इथे. बेबी हेल्मेट घेऊन बाहेर आलीये.