नवसागराची पुडी

येसाजीचा पहिला नंबर कधी हुकला नव्हता. माणगावकडचा हा मुलगा खाडी ओलांडून हायस्कुलात शिकायला आला होता आणि आत्याकडे राहत होता. रसायनाचं पुस्तक त्याला तोंडपाठ होतं. मास्तरांनी 'क्लोरीन' म्हणायचा अवकाश, हा उभा राहून वायू तयार करायची रीत, गुणधर्म, उपयोग सगळं एका दमात म्हणून दाखवी.

१९३३ च्या जूनमध्ये चौलकर मास्तर आले आणि हे सगळं फिरलं. पहिल्याच तासाला त्यांनी येसाजीला मध्येच थांबवलं.

"छान पाठ आहे. पण तू क्लोरीन पाहिलायस का?"

"न्हाय, मास्तर."

"मग बस."

त्यांनी कुलूप लावलेलं कपाट उघडलं, धूळ बसलेल्या बाटल्या पुसल्या आणि मुलांच्या हातात काचेच्या नळ्या दिल्या. तिथे मकसूद पुढे गेला. तो आगरदांड्याचा, वडिलांचं कापडाचं दुकान. आजवर कसाबसा पास होणारा. पुस्तकातलं एक वाक्य त्याला धड सांगता येत नसे, पण नळी हातात आली की तो घाई करत नसे. वास घेई, रंग बघे, आणि "मास्तर, ह्यात काय तरी वेगळंच हाय" म्हणे. मास्तर लगबगीने त्याच्याकडे जात. येसाजीला वाटे, आपल्याकडे हा माणूस असा एकदाही आला नाही. मकसूद बोलायला लागला की येसाजी वहीत डोकं घाली. घरी जेवतानासुद्धा मकसूदच डोळ्यांपुढे, मान तिरकी करून नळी उजेडात धरलेला.

सहामाहीला मास्तरांनी अर्धे मार्क प्रयोगाला ठेवले. हेडमास्तरांना ते पटलं नव्हतं, तरी त्यांनी एकदा करून बघायला परवानगी दिली. प्रत्येकाला पांढऱ्या भुकटीची एकेक पुडी मिळाली. "नाव ओळखलंत तर थोडेच मार्क," मास्तर म्हणाले. "काय केलंत आणि काय दिसलं, ते लिहा. खरे मार्क त्याला."

येसाजीच्या पुडीत मीठ होतं. ते त्याने लगेच ओळखलं. शेजारी मकसूदने आपली थोडी भुकटी चुन्यात कालवली, नाकाशी नेली आणि डोळे मिटून हसला. नवसागर! चुन्याशी तो अमोनियाचा उग्र वास देतो, हे येसाजीला पाठ होतं. त्याला त्या हसण्याचा राग आला. मकसूद पाणी आणायला उठला, तेव्हा येसाजीने आपल्या पुडीतली चिमूट त्याच्या पुडीत टाकली आणि बोटाने ढवळली. कोणी पाहिलं नाही. मग तो पुस्तकातले मिठाचे सगळे गुणधर्म ओळीने लिहीत सुटला.

पेपर तपासून झाल्यावर मास्तर वर्गात आले ते गंभीर चेहऱ्याने.

"येसाजी, सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर पांढरा साका बसला, असं तू लिहिलंयस. बाटली कुठून आणलीस? ती त्या दिवशी टेबलावर नव्हतीच."

मुलं हसली. 

"आणि मकसूदने लिहिलंय, चुन्याने अमोनियाचा वास आला, म्हणजे नवसागर. पण नवसागर तापवला की सगळा वर उडून जातो. इथे नळीच्या तळाशी काहीतरी उरलं, ते तडतडलं, म्हणून यात मीठही असावं. मी तपासलं, त्याचं बरोबर आहे. माझीच पुडी अशुद्ध होती. मकसूद, मला माफ कर. सगळ्यांत जास्त मार्क तुला."

हे हेडमास्तरांच्या कानावर गेलं. "पुड्याच अशुद्ध, तर मार्कांचा भरवसा काय?" असं म्हणून त्यांनी प्रयोगाची परीक्षा रद्द केली आणि नुसता लेखी पेपर पुन्हा घेतला. येसाजी पहिला आला. आत्याने शेजारीपाजारी साखर वाटली.

कपाटाला कुलूप लागलं. रविवारी मात्र मास्तर मकसूदला घरी बोलावू लागले. सोमवारी तो मोरचुदाने निळी झालेली बोटं घेऊन वर्गात येई. एका रविवारी येसाजी मुद्दाम त्या वाटेने गेला. ओटीवर दिवा पेटवून दोघं डोक्याला डोकं लावून बसले होते आणि कशावरून तरी खदखदून हसत होते. येसाजी कुंपणापाशी उभा राहिला. पहिला नंबर आपला, आणि हे हसणं मकसूदचं, या विचाराने त्याला रडू फुटेल असं वाटलं. तो सरळ आत गेला.

"मास्तर, पुडी तुमची अशुद्ध नव्हती. मीठ मी टाकलं."

मकसूद ताडकन उठला. मास्तरांनी त्याला हाताने थांबवलं.

"हे आज का सांगतोस?"

"मला पण रविवारी येयाचं हाय," येसाजी म्हणाला. "ह्यो एकटाच येतो."

मास्तरांनी हातातली नळी खाली ठेवली. "उद्या हेडमास्तरांना सांगायचं. मी बरोबर असेन. मग ये."

हेडमास्तरांनी वर्गासमोर छड्या मारल्या आणि नंबर काढून घेतला. पण पुडीचा दोष मास्तरांचा नव्हता हे कळल्यावर वार्षिक परीक्षेला प्रयोग ठेवायला ते कबूल झाले. आत्या दोन दिवस बोलली नाही, मकसूद त्याहून जास्त.

नंतरच्या रविवारी येसाजी ओटीवर एका कडेला बसला. मकसूदने त्याच्याकडे न बघताच दिवा सरकवला. "घे. पण माझ्या पुडीला हात लावायचा न्हाय."

येसाजीने घाईने नळी ज्योतीत धरली आणि ती तडकली. मकसूद फिसकन हसला.

"का तडकली ते लिही," मास्तर म्हणाले.

येसाजीने आधी मकसूदच्या नळीकडे पाहिलं. ती शाबूत होती. मग त्याने पेन्सिल उचलली.