करवंदाची साय

मी एक वाडगा आहे. काचेचा, चांगला पोटदार. अंगावर कोरलेल्या चांदण्या आहेत आणि काठाला एक टवका उडालेला आहे. तो कसा उडाला ते पुढे येईलच. काचेला काही वाटत नसतं असं माणसं धरून चालतात. पुष्कळ वर्षं मीही तसंच धरून चाललो होतो, आणि त्यात माझं काही बिघडलं नाही.

जन्म विलायतेतला. भट्टीतून निघालो, भुशाच्या पेटीत बसलो, बोटीने आलो आणि कोल्हापुरात एका साहेबाच्या बंगल्यावर येऊन पडलो. तिथे मला काम एकच. उन्हाळ्यात मडम माझ्यात मलई फेटायची, तिच्यात आंबट फळांचा साखर घातलेला गर कालवायची आणि गार करून वाढायची. चूल पेटवायला नको, काही भाजायला नको. तिच्या देशात त्याला एक हिरवं आंबट फळ घालतात म्हणे. इथे ते कुठलं मिळायला! मग गगनबावड्याकडून पाट्यांतून करवंदं यायची, त्यांवर ती भागवायची.

साहेबाच्या कचेरीत त्र्यंबकराव कारकून होते. इंग्रज जायला निघाले तेव्हा मडमेने कचेरीतल्या मंडळींच्या बायकांना चहाला बोलावलं. त्र्यंबकरावांच्या पत्नी पद्मजाबाई गेल्या, पण तिथलं पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. मात्र मडम मलई फेटत होती ते अगदी जवळ उभं राहून पाहिलं. एवढं आंबट घालूनही मलई नासत नाही, याचं त्यांना फार नवल वाटलं. निघताना मडमेने मला त्यांच्या हातात दिलं. आवड दिसली म्हणून दिलं, की सामान कमी करायचं म्हणून, ते मला ठाऊक नाही. तिने नंतर माझ्याकडे पाहिलं नाही एवढं खरं.

मंगळवार पेठेतल्या घरी आल्यावर मला चिंच लावून घासलं, मग राखेने घासलं, मग उन्हात पालथा घातला. तरी स्वयंपाकघरात प्रवेश नाही तो नाहीच.

"साहेबाच्या घरचा तो. त्यात काय काय खाल्लं असेल देव जाणे," पद्मजाबाई म्हणाल्या.

मडम तारांचं फेटणंही देत होती, ते तर त्यांनी हातातही धरलं नव्हतं, कारण त्याला अंडं लागलेलं. मला माजघराच्या कोनाड्यात जागा मिळाली. मान म्हणावा तर नव्हे, अपमान म्हणावा तर तोही नव्हे.

पण त्यामुळे झालं असं, की मलई फेटायला पद्मजाबाई माजघराच्या उंबऱ्याशी बसायच्या, ताक करायची धाकटी रवी घेऊन. आणि उंबऱ्यापलीकडे सोप्यात त्र्यंबकराव खुर्चीत वर्तमानपत्र वाचत असायचे. घरात त्यांना सगळे दादा म्हणत, तेव्हा मीही दादाच म्हणतो.

पहिल्या वर्षी लोणी आलं. येणारच. रवी हातात आली की या बायांचे हात लोणी आल्याशिवाय थांबत नाहीत, आणि मलईच्या बाबतीत तर त्याच्या अलीकडेच थांबावं लागतं. ती फुलली, जडावली, की पुरे. त्यानंतर आणखी थोडे फेरे झाले की गोळे आणि पाणी वेगळं. फेटणाराला हे कळत नाही, त्याचा जीव हातांत असतो. पण पलीकडे बसलेल्याला कळतं. मलई पातळ असते तोवर रवी माझ्यावर आपटून मी किणकिणतो. ती जडावली की माझा आवाज बसतो. दादांच्या कानांनी हे दुसऱ्याच वर्षी टिपलं. वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता ते ओरडले, "पुरे!" पद्मजाबाईंचे हात जागच्या जागी थांबले.

तेव्हापासून दर वैशाखात हाच रिवाज. पंचगंगेपलीकडून झुंबरबाई म्हशीचं दूध घालायला यायची. ते न तापवता पसरट पातेल्यात ठेवायचं, सकाळी वरची मलई काढायची. करवंदांचा चीक धुऊन ती हाताने कुस्करायची, पुरणाच्या चाळणीतून गाळायची, साखर घालायची. मला गार पाण्याच्या घंगाळात बसवायचं. किणकिण, किणकिण, आणि मग "पुरे!" पांढऱ्या मलईत तो जांभळा रस ओतून दोनचार हलके हात फिरवायचे, पट्टे दिसत राहायला हवेत. मडमेच्या भाषेतलं नाव कुणी कधी घेतलं नाही. घरात तिला करवंदाची साय म्हणत. दादा खाण्याच्या बाबतीत भारी चोखंदळ होते. आमटीत गूळ कमी पडला तर ताट सरकवायचे. पण सायीची वाटी बोटाने निपटून खायचे, आणि त्यांची लेक नंदिनी त्यांना हसायची.

मग एका पावसाळ्यात पद्मजाबाईंना ताप आला आणि त्यातच त्या गेल्या. मी कोनाड्यात होतो. माणसं आली, गेली. दादा रडले नाहीत. खुर्चीत बसले ते बसले. मलाही काही वाटलं नाही. माझ्यात कुणी काडेपेटी टाकली, कुणी बटणं, कुणी तुटलेली किल्ली. असू दे म्हटलं.

दादा कचेरीत जात, येत, वर्तमानपत्र उघडत. पण पान उलटल्याचा आवाज यायचा नाही. नंदिनी जे वाढेल ते खात आणि म्हणत, "बरंय." एकदा ती आमटीत मीठच घालायला विसरली. स्वतः जेवायला बसली तेव्हा तिला कळलं. दादांची वाटी रिकामी होती.

"दादा, अळणी होती ना हो आमटी?"

"बरंय की."

त्या दिवशी ती पोर घाबरली. मरणाच्या वेळी घाबरली नव्हती इतकी घाबरली.

पुढे धारवाडचं स्थळ आलं. मुलगा कॉलेजात शिकवणारा, माणसं सरळ. नंदिनीला तो आवडला होता, हे मला कोनाड्यातूनही दिसत होतं. आरशापुढून उगाच दोनदा जायची. पाऊस लागायच्या आत त्यांना उत्तर हवं होतं.

"दादा, धारवाडला काय कळवायचं?"

"बरंय."

"बरंय म्हणजे हो की नाही?"

"तुला वाटेल तसं."

ती उठली आणि दूध घेऊन आलेल्या झुंबरबाईपाशी जाऊन बसली. "मावशी, मी गेले काय नि राहिले काय, त्यांना कळणारसुद्धा नाही. मिठाशिवाय जेवणाऱ्या माणसाला एकटं टाकून कशी जाऊ? त्यांनी एकदा नको तरी म्हणावं. रागवावं. मग मी सुखाने जाईन."

झुंबरबाई मोठ्याने बोलणारी बाई. दुःखाचंसुद्धा ओरडूनच बोलायची. "आगं, मग तुज्या आईचं ते जांभळं कर की! त्येला काय मानूस नुसतं बरंय म्हणंल व्हय?"

माझ्यातली बटणं निघाली. मला धुतलं. इतक्या दिवसांनी पाणी लागलं तरी मला विशेष वाटलं नाही. नंदिनी रस गाळत होती, म्हणून रवी झुंबरबाईने घेतली. तिचे हात म्हणजे काय विचारता! मी किणकिणलो, माझा आवाज बसला, आणि हात चालूच.

"मावशी, थांबा, झालं वाटतं!"

"झालं कुटं? लोणी आल्याबिगर रवी सोडू न्हाई पोरी. आमच्यात अर्ध्यातनं उटत न्हाईत, म्हस आटती."

पलीकडे सोप्यात दादा बसलेले होते. तिकडून काही आवाज आला नाही.

लोणी आलं. झुंबरबाईला बरंच वाटलं. नंदिनीने त्या लोण्यातच रस कालवला, आंबट गोळे नि जांभळं पाणी, आणि वाटीत घालून दादांपुढे ठेवलं. दादांनी सगळं खाल्लं.

"बरंय."

ती आत आली आणि मला इतक्या जोरात खाली आदळलं, की माझ्या काठाचा टवका उडाला. तो तिने उचललाही नाही.

त्यानंतर तिने धारवाडला नाही म्हणायचं ठरवलं. झुंबरबाईला तसं सांगितलंही.  पुढच्या बाजाराला झुंबरबाई गगनबावड्याकडच्या करवंदांची पाटी घेऊन आली. आकाश भरत आलं होतं. यानंतर करवंदं मिळायची नव्हती.

"ह्या खेपंला मी हात लावत न्हाई," ती म्हणाली, दूध ओतलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी नंदिनी आईच्या जागी, उंबऱ्याशी, एकटी बसली. आशा ठेवून बसली होती असं वाटत नाही. फळं आली म्हणून करायचं, एवढंच. रवी फिरायला लागली. मी किणकिणत होतो. तिची नजर भिंतीकडे, मन कुठे होतं कोण जाणे, हात आपले चालले होते. मलई फुलली. जडावली. माझा आवाज बसला. तिला पत्ता नाही. आणि त्या वेळी मला वाटलं. माझ्या अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. आणखी थोडे फेरे, की संपलं.

"पुरे!"

रवी थांबली. नंदिनी वळून बघेना. बघितलं तर ते खोटं ठरेल असं तिला वाटलं असावं. मग उंबऱ्यावर पावलं दिसली. दादा उभे होते, हातात वर्तमानपत्र तसंच.

"पुरे म्हटलं ना! लोणी होईल त्याचं."

"हो दादा."

तिने रस ओतला, हलके हात फिरवले. पट्टे राहिले. दादा तिथेच, उंबऱ्यावर टेकले. वाटी मागितली नाही, चमचा माझ्यातच घातला. तोंडात घेतला आणि त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी वाकडा झाला.

"आंबट आहे हे. साखर घातलीस का नाही?"

"घातली की."

"कमी घातलीस. तुझी आई सढळ घालायची."

घरात पद्मजाबाईंचं नाव त्या पावसाळ्यानंतर दादांच्या तोंडून निघालं नव्हतं. आणखी एक चमचा त्यांनी घेतला, तोही वाकड्या तोंडानेच.

"धारवाडला करवंदं मिळतात का गं?"

"माहीत नाही."

"लांब आहे धारवाड," दादा म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "फार लांब आहे गं ते." आणि डोळे पुसत पुसत, "किती आंबट केलंस," म्हणाले. नंदिनी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. तिला जे ऐकायचं होतं ते तिने ऐकलं होतं. धारवाडला होकार गेला.

त्या संध्याकाळी दादांनी मला विसळलं आणि स्वतः उचलून स्वयंपाकघराच्या फळीवर नेऊन ठेवलं. तिथे जायला मला एवढी वर्षं लागली. फळीवरून दिसतं ते काही विशेष नाही, चूल आणि पाण्याचा हंडा.

आता घरात दादा आणि मी. वैशाखात नंदिनी माहेरी येते, ती उंबऱ्याशी बसते, ते सोप्यातून ओरडतात. यंदा तिला दिवस गेलेत, तिला प्रवास करायचा नाही. करवंदं मात्र आली. दादांनी ती धुतली, कुस्करली, साखर घातली, चांगली सढळ घातली. मला घेऊन उंबऱ्याशी बसले आणि रवी दोन्ही तळव्यांत धरली. मी किणकिणलो. माझा आवाज बसला. सोप्यातली खुर्ची रिकामी होती, पुरे म्हणणार कोण! दादांचे हात चालत राहिले. लोणी आलं.

तुम्ही मंगळवार पेठेतून कधी जात असाल आणि एखाद्या घरातून काचेची किणकिण ऐकू आली, तर घडीभर थांबा. ती बंद पडली की बाहेरूनच "पुरे!" म्हणून हाक द्या. ओळख नसली तरी चालेल. टवका उडालेल्या वाडग्याने यापेक्षा जास्त काय मागावं?

आणि दादांची काळजी करू नका. त्या लोण्यात रस कालवून त्यांनी एक चमचा तोंडात घातला. मी वाट पाहत होतो. मला भीती वाटत होती, हे कबूल करतो. दादांनी चमचा खाली आपटला आणि रिकाम्या घरात, झुंबरबाईलासुद्धा ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "छे! पार बिघडलं!"