चुलीपुढची कन्नड

अणदूरच्या माळावर उमाशंकरनं लॉज काढलं तेव्हा गावानं त्याला येड्यात काढलं. हरणं बघायला कोण येतंय? पण लोक आले, आणि लॉजवर रांधणाऱ्या इरम्माच्या हातची कडक भाकरी खाऊन पुन्हा पुन्हा आले.

हेलेना मात्र आली ती मराठी शिकायला. पोलंडची पोरगी, वही घेऊन दिवसभर इरम्माच्या मागं. "अक्का, ह्याला काय म्हणायचं?" इरम्मानं तिला उलथन्यापासून उतरंडीपर्यंत सगळं शिकवलं, रविवारी डोक्याला तेल लावून दिलं. महिन्याभरात पाहुणी घरची झाली.

सीमेवरच्या बायकांची एक खोड असते. आतली गोष्ट चारचौघांत बोलायची झाली की त्या कन्नडवर येतात. लॉजच्या भिंतींना कान असले तरी त्या कानांना कन्नड कुठली यायला? म्हणून भांडी घासणाऱ्या पार्वतम्माशी इरम्मा चुलीपुढं बिनघोर बोलायची. इरम्माचा नवरा बंडप्पा यानं लेक शिवप्रिया आपल्या बहिणीच्या, हरणाबाईच्या पोराला द्यायचा शब्द दिला होता. पोरीला नर्स व्हायचं होतं. इरम्मानं गुपचूप पुण्याच्या कॉलेजात तिची जागा पक्की केली होती. येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा रानातला सण, झाली की सोमवारच्या गाडीनं पोरगी जाणार, आणि बंडप्पाला ती पोचल्यावरच कळणार. हेलेना शेजारी कोथिंबीर निवडत असायची. तिचा फोन फळीवर चार्जिंगला असायचा. ती जागा इरम्मानंच करून दिली होती.

येळवशीला बंडप्पानं सगळ्यांना रानात जेवायला बोलावलं. त्या दिवशी कुणाला नको म्हणायचं नसतं. कडब्याच्या खोपीपुढं पंगत बसली. भाज्या-शेंगांची भज्जी झाली, आंबील झालं, हरणाबाईनं भाचीला शेजारी बसवून घेतलं.

जेवणं उरकल्यावर हेलेना उठली आणि स्वच्छ कन्नडमध्ये बोलू लागली. दोन वर्षं ती धारवाडला राहिली होती म्हणे. सगळे थक्क झाले. बंडप्पानं तर टाळी वाजवली.

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही मोकळेपणी बोलला नसता," हेलेना इरम्माकडं बघून हसली. मग चुलीपुढची बोली कशी गोड असते ते ऐका, म्हणत तिनं फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं.

आवाज इरम्माचाच होता. "सोमवारी पोरगी पुण्याला गेली, की नणंदबाईनं बसावं हात चोळत." मागून पार्वतम्माचं हसू. इरम्मा फोन हिसकायला धावली, पण वाक्य संपलं होतं.

हरणाबाईनं हातातला पेला खाली ठेवला. बंडप्पानं लेकीपुढं हात पसरून तिचा मोबाइल घेतला आणि बहिणीला म्हणाला, "साखरपुडा ह्याच रविवारी."

शिवप्रिया आईकडं वळली. "म्या कुणाला सांगितलं नव्हतं. तूच सांगितलंस व्हय हिला?"

जिला इरम्मानं तेल लावलं तिनंच केसानं गळा कापला होता, आणि लेकीच्या लेखी सुरी आईच्या हातात होती.

रविवारी साखरपुडा झाला. सोमवारी पुण्याची गाडी शिवप्रियाला न घेताच गेली. त्या सकाळी इरम्मा नेहमीसारखी लॉजवर आली आणि चूल पेटवली. हेलेना दारात उभी राहिली. डोळे सुजलेले.

"अक्का, तप्पायितु," ती म्हणाली. मग मराठीत, "चूक झाली. मी नुसती भाषा ऐकत होते. माणसं ऐकलीच नाहीत."

इरम्मानं भाकरी उलथली. तिला रडू येत होतं, पण ह्या बाईपुढं रडणं म्हणजे तिच्या वहीत आणखी एक पान भरणं.

"आमाला कन्नड येत न्हाय, मॅडम," ती म्हणाली. "तुमी भायेर बसा. नाश्ता टेबलावर येईल."