पाच खडे

आई दारात शेजारणीशी बोलत होती तेवढ्यात लेकीने मुठीतले पाच खडे परातीतल्या घेवड्याच्या दाण्यांत टाकले आणि वरून दाणे सारखे केले. खडे बाल्कनीतल्या कोरफडीच्या कुंडीतले होते, बरोब्बर दाण्याएवढे, वेचून आणलेले. हात झटकताना तिची तिलाच लाज वाटली. पण आई आत येत होती, आता काढणार कसे?

ही युक्ती तिच्या कामावरची. ती बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. पट्ट्यावरून बाटल्या सरकत जातात, समोर बसलेल्या बायका तडा गेलेली बाटली उचलून बाजूला ठेवतात. त्यांची नजर शाबूत आहे ना, हे बघायला दर पाळीत पाच फुटक्या बाटल्या मुद्दाम मध्ये सोडतात. पाचही सापडल्या की बाई पास.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडला होता. समोरच्याचे कान दिसायचे, तोंड दिसायचं नाही. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, हे आता सुधारायचं नाही. गेल्या महिन्यात पातेलं करपून धूर जिन्यात गेला, तेव्हापासून दादा हट्टाला पेटला होता. आईने त्याच्याकडे राहायचं, हे घर बंद करायचं. आणि आईचं एकच पालुपद, मला माझ्या घरातून हलवू नका रे. दोघांच्या मध्ये लेकीचं पार भरीत झालं होतं. शेवटी तिनेच भावाला शब्द दिला. शनिवार-रविवार आईकडे राहते, नीट बघते, रविवारी दुपारी तू फोन कर. मी सांगेन ते दोघांनी ऐकायचं.

"लसूण संपलाय गं," आई परात पुढ्यात ओढत म्हणाली. "खाली जाऊन आण. तमालपत्रही बघ मिळालं तर."

"तू निवडेपर्यंत थांबते ना."

"का? माझा हात धरून निवडणारेस? जा, दुकान बंद होईल."

ती परतली तेव्हा परात धुऊन पालथी घातलेली होती आणि दाणे मिठाच्या पाण्यात भिजत पडले होते. आईचा चेहरा मात्र नेहमीसारखाच, काही म्हणता काही कळेना. रविवारी सकाळी आई अंघोळीला गेलीय असं बघून लेकीने पातेल्यात हात घातला आणि तळ चाचपायला सुरुवात केली.

"हात काढ आधी," मागून आवाज आला. "भिजलेला दाणा असा ढवळला की सालं सुटतात."

"तुला कसं कळलं?"

"पाणी वाजलं की! कान अजून जागेवर आहेत माझे."

मग आई शेगडीपाशी उभी राहिली आणि लेक नुसती बघत बसली. तेल उजव्या हाताला, मीठ डाव्या हाताला, लायटर खिळ्याला. हात जायचा आणि वस्तू घेऊन यायचा, चाचपडणं म्हणून नाही. अख्खा कांदा, आडवा चिरलेला लसणाचा गड्डा, दोन तमालपत्रं. दाण्यांना आधी चांगली खळखळून उकळी दिली, मग झाकणाशी कान नेऊन आवाजावरच आच बारीक केली.

"टोमॅटो चिरू?"

"एवढ्यात नको. आंबट आधी पडलं की दाणा अडून बसतो, दिवसभर शिजवा, मऊ पडायचं नाव नाही. तुझा मेला भाऊ अगदी तसाच."

लेक खळखळून हसली. दीड-दोन तासांत घरभर असा वास सुटला की भूक खवळली. पण ते पाच खडे काही तिच्या डोक्यातून जाईनात.

जेवायला बसल्यावर आईने दोन वाडगे भरले, पाव ठेवला आणि शेवटी एक बशी लेकीच्या पुढ्यात सरकवली. बशीत पाच खडे.

"हे तुझे."

लेकीला तोंड कुठे लपवू असं झालं. "आई, अगं..."

"कोरफडीच्या कुंडीतले. गुळगुळीत आहेत, मी स्वतः घातलेत तिथे. पहिला हाताला लागला तेव्हाच ओळखलं. पाच बाटल्या सोडतात, हे तूच नाही का सांगितलं होतंस? म्हटलं, पाच असणार. पाच मिळेपर्यंत बसले."

"रागावलीस?"

"रागावू नको तर काय करू? पोटची पोर माझ्या परातीत खडे टाकते!" आईने पाव मोडला. "जाऊ दे. पास झाले ना? आता भावाला सांग तुझ्या. आणि जेव, गार होतंय."

पाचच्या पाच. लेकीचे डोळे भरून आले. दादाला आता ती काहीही बोलू देणार नव्हती. दाणे लोण्यासारखे मऊ होते, रस दाट, लसूण त्यात पार विरघळून गेला होता. ती मिटक्या मारत खाऊ लागली आणि चौथ्या घासाला दाढेखाली कट्कन वाजलं. कळ थेट डोक्यात गेली.

तिने जिभेने तो खडा गालात सरकवला. हा कुंडीतला नव्हता. हा शेतातून दाण्यांबरोबरच आलेला होता, खरखरीत, कुणी न टाकलेला.

आईचा हात थांबला. "काय लागलं?"

"काही नाही. तमालपत्राचं देठ."

तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, अरे सगळं व्यवस्थित आहे," लेक घाईघाईने म्हणाली. खडा गालातच होता, त्यामुळे शब्द बोबडे येत होते. "मी मुद्दाम पाच खडे टाकले होते, पाचही काढले तिने. तिला इथेच राहू दे. मी सांगते ना, काही होत नाही."

तिच्या हनुवटीखाली आईचा तळवा आला. लहानपणी नको ते तोंडात घातलं की यायचा, तसाच.

"थुंक."

लेकीने मान हलवली. तळवा हलला नाही. शेवटी तिने खडा त्यात टाकला.

आईने तो अंगठ्याने फिरवून पाहिला, बराच वेळ. "हा तर सगळ्यांत आधी हाताला लागायला हवा होता," ती म्हणाली. "पाच झाले आणि मी उठले गं."

"आई, एकच तर खडा. कुणाच्याही..."

"फोन दे."

आईने फोन कानाला लावला. "ऐक रे. पाच तिचे होते, ते सापडले. सहावा माझा होता, तो तिच्या दाताखाली गेला." मग ती पलीकडचं ऐकत राहिली. मधूनमधून हं म्हणत होती, मोकळा हात टेबलावर फिरत मिठाच्या डबीपाशी जाऊन थांबला होता.

"ते सगळं कळलं," ती म्हणाली. "तू आधी मला एक सांग, तुमच्याकडे मीठ कुठल्या हाताला असतं?"