देन्की

जपानी शिकायला बसलं की पहिल्याच आठवड्यात भेटणारा शब्द म्हणजे देन्की. वीजही तीच आणि घरातला दिवाही तोच. साक्षीला झोपेतून उठवून विचारला असता तरी आला असता. पण आज, जपानातल्या वृद्धाश्रमाच्या नोकरीच्या मुलाखतीला, कुंभार पिंपळगावातल्या तिच्या खोलीत देन्कीचाच पत्ता नव्हता.

घराची वायर खांबावरून निसटली होती. वायरमन फोन उचलेना. शेवटी वडील, कडूबा, डीपीवरून गल्लीची लाईन बंद करून स्वतःच खांबावर चढले.

इकडे आई बेबीनंदाने शहाणपणा केला. शेजारच्या भंवरलाल शेटजींच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढून आणली आणि खोलीतल्या प्लगात खुपसली. बटण दाबलं की उजेड! पण घराला मेन स्विच नव्हता. ती वीज उलटी खांबाकडे जाणार होती, वडिलांच्या उघड्या हातात. आयटीआयला वायरिंग शिकलेल्या साक्षीला हे लगेच कळलं. तेवढ्यात मोबाईलवर मुलाखतीच्या बाई हजर झाल्या. खुर्ची सोडली किंवा मध्येच दुसऱ्या कुणाशी बोललं की मुलाखत बाद, हे आधीच बजावलेलं होतं. तिने मानेनेच आईला नको म्हटलं.

बाईंना अंधारात चेहरा दिसेना. "देन्की ओ त्सुकेते कुदासाई." दिवा लावा म्हणे.

साक्षी हलली नाही. बाईंनी पुन्हा सांगितलं, आता जरा करड्या आवाजात.

आठ महिने देन्की देन्की ऐकून बेबीनंदालाही तेवढं जपानी कळत होतं. "अगं लाव की! बाई लाईट मागून राह्यल्या ना?" असं कुजबुजत तिने बटणाकडे हात नेला.

साक्षीने खुर्चीतून झेप घेतली. आईचा हात झिडकारला आणि वायर हिसकून काढली. "आई, अप्पा खांबावर हाईत!" साक्षी वळली तेव्हा मोबाईलवर बाई नव्हत्या.

पंधरा मिनिटांनी लाईट आली. पाठोपाठ कडूबा घाम पुसत आत आले.

"झाली का मुलाखत? काय इचारलं?"

"लाईट लावायला सांगितली."

"मंग?"

"न्हाई लावली."

कडूबांचं तोंड उतरलं. "एवढं सोपं बी जमलं न्हाई व्हय गं तुला?"

साक्षीने त्यांचा काळा झालेला हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि ढसाढसा रडली.