फादर रांगेत उभे राहिले

मी लाकडाची जाळी बोलतेय. चर्चच्या कोपऱ्यात कपाटासारखी एक अरुंद खोली आहे. तिच्या एका बाजूला फादर बसतात, दुसऱ्या बाजूला माणसं गुडघे टेकून आपली पापं सांगतात. मधे मी.

मला घडवणाऱ्या सुताराला वाटलं होतं, मी एखाद्या खिडकीत बसेन, वारा खाईन. माझ्या नशिबी आले एकीकडे कान आणि दुसरीकडे ओठ. पण तक्रार नाही. माणसं वाकून आत येतात आणि जाताना ताठ चालतात, हे बघायला मिळणं काही थोडंथोडकं सुख नाही.

इथे ऐकलेलं मी बाहेर सांगत नाही. फादरांना तसा नियमच आहे, मग मी कशी फितूर होऊ? पण एक गोष्ट सांगायला हरकत नाही. ती सगळ्यांसमोरच घडली.

आमचे थोरले फादर जिभेचे तिखट, मनाचे मऊ. शिवणकाम करणाऱ्या एक बाई वरच्या सज्जात ऑर्गन वाजवायच्या. एका रविवारी त्या जिन्यात धडपडल्या, मग गीत वाजवताना दोनदा चुकल्या. फादर प्रवचनाला उभे राहिले आणि म्हणाले, "देवाच्या घरी पिऊन येणाऱ्यांनी वाद्याला हात लावू नये."

सगळ्या माना वर वळल्या. बाईंनी ऑर्गनचं झाकण अलगद मिटलं, खाली आल्या आणि निघून गेल्या. त्यानंतर आमच्याकडे गाण्याची पार रया गेली. सूर एकीकडे, ताल दुसरीकडे.

कितीतरी आठवड्यांनी बाईंची थोरली बहीण वेदीपाशी फुलं लावायला आली. तिने फादरांना शांतपणे सांगितलं की, धाकटीला कानाचा आजार आहे, त्याने चक्कर येते. आमच्या घरात दारूचा थेंब नसतो. फादर आत येऊन आपल्या जागेवर बसून राहिले. पलीकडे कोणीच नव्हतं.

पुढच्या शनिवारी त्या जागेवर नवे, तरुण फादर बसले होते. बाहेर रांग होती. थोरले फादर येऊन न्हाव्याच्या मागे उभे राहिले. न्हावी गडबडला, म्हणाला, तुम्ही पुढे व्हा. फादर म्हणाले, "राहू दे. पापात ज्येष्ठता नसते."

त्यांचा नंबर आला. गुडघे टेकताना हाडं कुरकुरली. आवाज ओळखून तरुण फादर सावरून बसले. त्यांचं बोलणं मी सांगणार नाही. रविवारी प्रवचनात थोरल्या फादरांनी आपलं आपणच सांगितलं.

"इतकी वर्षं मी तुम्हाला पापक्षमा देत आलो," ते म्हणाले. "ती माझ्या पदरची नव्हती, देवाची होती. मी नुसता निरोप्या. काल मीही गुडघ्यावर बसून तीच मागितली. पण बाईंची अब्रू मी याच जागेवरून घेतली, तेव्हा ती मीच परत करायला हवी. त्या प्यायल्या नव्हत्या, आजारी होत्या. मी खोटं बोललो."

मग ते बाईंच्या घरी गेले. तिथलं मला बहिणीकडून कळलं, वेदीपाशी फुलं लावताना ती सांगत होती. बाईंनी शिलाईमशीन थांबवलं नाही. म्हणाल्या, "देवाने तुम्हाला क्षमा केली ना? मग माझी घाई करू नका."

"नाही करत," फादर म्हणाले. "नुसता बसू का?"

बसले. पुढच्या आठवड्यात परत गेले, त्याच्या पुढच्याही. क्षमेचा विषय काढला नाही. कधीतरी बाईंनी चहा टाकला. मग एका रविवारी बहिणीचा हात धरून त्या जिना चढल्या. पहिलं गीत सुरू झालं आणि फादर आपली ओळ विसरले. कोणी हसलं नाही.

आता थोरले फादर निवृत्त झालेत. पुष्कळ लोक हल्ली बाजूच्या खोलीत समोरासमोर खुर्च्या टाकून बोलतात. माझ्या कडा झिजल्यात, एक पट्टी सैल झालीय. पण शनिवारी अजून कोणी ना कोणी येतंच. मी समाधानी आहे.

तुम्हीही या, बिचकू नका. पलीकडे बसलेला माणूस तुमच्यासारखाच आहे. देव इथे तुमचं ऐकून घेईल. पण ज्याला तुम्ही दुखावलंत, त्याच्या दाराची कडी तुम्हालाच वाजवावी लागेल. आणि त्याने लगेच उघडलं नाही, तर पायरीवर थोडं बसा.